छोट्या कार्यालयाचा बॅकअप: कोणतं क्लाउड घ्यावं?

मजकूरजुळणी

नमस्कार मंडळी. आमचं सहा जणांचं कार्यालय आहे. पुस्तकं, अहवाल, नियतकालिकं यांची पानं लावून छपाईला द्यायची, हे काम. मागच्या आठवड्यात मुख्य संगणकातली डिस्क अचानक दिसेनाशी झाली. केबल सैल झाली होती, दोन तासांत सगळं जागेवर आलं. पण ते दोन तास मी विसरू शकत नाही. तीन पुस्तकं छपाईच्या तोंडावर होती आणि त्यांची ताजी प्रत दुसरीकडे कुठे आहे, हे सहांपैकी एकालाही खात्रीने सांगता येत नव्हतं.

सध्याची व्यवस्था अशी: मुख्य संगणकात दोन डिस्क, रेड १ मध्ये. दर शुक्रवारी आमच्यातला एक जण बाहेरची डिस्क लावून 'कामे' हे फोल्डर कॉपी करतो. ती डिस्क त्याच टेबलाच्या खणात असते. चालू कामं गूगल ड्राइव्हशी सिंक होतात. हिशोबाचं सॉफ्टवेअर वेगळ्या संगणकावर आहे, त्याचा डेटा फोल्डरही शुक्रवारीच कॉपी होतो. सगळं मिळून १.४ टीबी.

आता क्लाउडवर बॅकअप घ्यायचा विचार आहे. कोणतं घ्यावं?

निळी_शाई

वाचते आहे. आमच्याकडेही अगदी हेच चित्र, टेबलाच्या खणासकट.

रात्रपाळी

क्लाउड कोणतं, हा तुमचा शेवटचा प्रश्न असायला हवा. आधी थोडी उलटतपासणी.

रेड १ म्हणजे आरसा. एक डिस्क मेली तर दुसरी काम चालू ठेवते, तिची नेमणूक तेवढ्यासाठीच. चुकून फोल्डर पुसलं तर त्याच क्षणी दोन्हीकडून पुसलं जातं. सिंकचंही तसंच. कोणी चुकीचं प्रकरण जुन्या फाइलवर सेव्ह केलं की ती चूक सगळ्या संगणकांवर इमानदारीने पोचते. ड्राइव्हवरून पुसलेली फाइल कचरापेटीत ३० दिवस राहते, मग कायमची जाते. म्हणजे तुमच्याकडे खरी राखीव प्रत एकच, शुक्रवारची. आणि ती मूळ प्रतीपासून हातभर अंतरावर.

३-२-१ हा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी तो मांडला. फोटोंचे ढीग सांभाळणाऱ्या माणसाला सुचलेली ही गोष्ट आहे, त्यामुळे तुमच्या कामाला ती नेमकी बसते.

पण त्याहीआधी दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. किती वेळाचं काम पुन्हा करायची तयारी आहे? आणि किती वेळ काम बंद ठेवणं परवडेल? शुक्रवारी कॉपी आणि गुरुवारी संध्याकाळी डिस्क गेली, तर सहा माणसांचं जवळजवळ आठवड्याचं काम गेलं. हे चालणार असेल तर आहे ती व्यवस्था वाईट नाही. चालणार नसेल तर उत्तर तिथूनच सुरू होतं.

सुतारपक्षी

रात्रपाळी यांच्याशी बराचसा सहमत, पण क्लाउडच्या मागे लागू नका असं माझं स्पष्ट मत. १.४ टीबी वर चढवायला किती वेळ लागेल याचा हिशोब केलात का? अपलोड २० एमबीपीएस धरला तर अखंड साडेसहा दिवस. तेही लाइन दुसऱ्या कशालाही न वापरता. आणि संकटाच्या दिवशी परत उतरवताना १०० एमबीपीएस मिळाले तरी एकतीस तास. छपाईच्या तोंडावर एकतीस तास!

तीन बाहेरच्या डिस्क घ्या, फिरत्या ठेवा. एक कार्यालयात, एक घरी, एक वाटेत. मी नऊ वर्षं हेच करतोय.

रात्रपाळी

@सुतारपक्षी, आकडे बरोबर आहेत. पण साडेसहा दिवस पहिल्यांदाच लागतात. त्यानंतर रोज बदललेला भाग तेवढा जातो, आणि पानं लावण्याच्या कामात तो बहुतेक दिवशी काही जीबीच असतो. उतरवण्याबद्दल मान्य. म्हणूनच जवळची प्रत आणि लांबची प्रत दोन्ही लागतात. जवळची लवकर उठून उभं राहण्यासाठी, लांबची ती जागाच गेली तर.

जागा खरंच जाते. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबुर्गमध्ये ओव्हीएच कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांच्या दोन्ही प्रती एकदमच गेल्या. 'क्लाउडवर आहे' याचा अर्थ 'दुसऱ्या जागी आहे' असा होतोच असं नाही. विचारून घ्यावं लागतं.

तुमच्या फिरत्या डिस्कबद्दल एकच शंका. घरी नेलेली डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी, आहे ना? ती वाटेत हरवली तर ग्राहकांची अप्रकाशित पुस्तकं हरवली.

सुतारपक्षी

नव्हती. हा मुद्दा ऐकला नाही असं म्हणता येणार नाही. आज तिन्हींवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं एन्क्रिप्शन, लावतो.

रात्रपाळी

लावा, पण ४८ अंकी रिकव्हरी की (पासवर्ड विसरला तर डिस्क उघडणारा क्रमांक) त्याच संगणकात सेव्ह करू नका. कागदावर छापा, दोन ठिकाणी ठेवा.

कीर्दखतावणी

मला हिशोबाच्या फोल्डरबद्दल बोलायचंय, कारण या ठिकाणी मी स्वतः भाजून निघाले आहे.

मी ज्या कार्यालयात हिशोब बघत होते तिथे दोन वर्षं रोज संध्याकाळी डेटा फोल्डर कॉपी होत असे. नेमाने, न चुकता. मग संगणक बिघडला. नव्या संगणकावर फोल्डर ठेवलं आणि सॉफ्टवेअर म्हणालं, डेटाबेस खराब आहे. आदल्या दिवशीची प्रत, तीही खराब. एकेक दिवस मागे जात राहिलो. कॉपी होत असे तेव्हा सॉफ्टवेअर चालूच असायचं. डेटाबेसची फाइल लिहिली जात असताना कॉपी केली की तिचा अर्धा भाग आधीचा आणि अर्धा नंतरचा येतो. बाहेरून आकार बरोबर, तारीख बरोबर, आत विसंगती. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी यंत्र बंद असताना कोणीतरी हाताने घेतलेली प्रत उघडली. ती अकरा आठवडे जुनी होती. अकरा आठवड्यांच्या नोंदी मी आणि एका सहकाऱ्याने बिलं समोर ठेवून पुन्हा केल्या. त्या दिवसांत रात्री झोपेतही मला व्हाउचर नंबर दिसत.

म्हणून सांगते, हिशोबाच्या सॉफ्टवेअरमधली स्वतःची 'बॅकअप' सोय वापरा आणि तिने बनवलेली फाइल कॉपी करा. आत एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा डेटाबेस असेल तर त्यात वेळापत्रक लावणारा एजंट येत नाही. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून बॅकअपची आज्ञा चालवावी लागते. मायएसक्यूएल हा डेटाबेस असेल तर डंप, म्हणजे डेटा फाइलमध्ये उतरवलेली प्रत, घेताना 'सिंगल ट्रान्झॅक्शन' हा पर्याय लावा, म्हणजे इनोडीबी प्रकारच्या तक्त्यांचं एकाच क्षणाचं चित्र मिळतं.

निळी_शाई

कीर्दखतावणी, अकरा आठवडे वाचून पोटात गोळा आला. आमचाही डेटा फोल्डर चालू सॉफ्टवेअरमध्येच कॉपी होतो. उद्या सकाळी पहिलं काम हे.

ताम्हण

टास्क शेड्युलरचा विषय निघालाच आहे तर. तीन ठिकाणी पाय अडकतो. एक, टास्क 'वापरकर्ता लॉग-इन असतानाच चालवा' अशी राहून जाते. दोन, पासवर्ड बदलला की ती गुपचूप थांबते. तीन, बाहेरच्या डिस्कचं अक्षर 'ई' चं 'एफ' होतं आणि बॅकअप रिकाम्या हवेत जात राहतो. तिन्ही मी पाहिलेत, तिन्ही वेळा महिन्यांनी कळलं.

उंबरठा

आमच्यावर रॅन्समवेअर (फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) आलं होतं. सोमवारी सकाळी प्रत्येक फाइलच्या नावापुढे अनोळखी शेपूट. बॅकअपची डिस्क होती, पण ती कायम जोडलेली. तीही कुलूपबंद. विंडोज स्वतःच मागे ठेवतं त्या जुन्या प्रती, शॅडो कॉपी, हल्ल्याने सगळ्यात आधी पुसल्या होत्या. हे त्यांचं ठरलेलं पहिलं पाऊल असतं, हे मला नंतर समजलं.

वाचलो कशामुळे, तर एका सहकाऱ्याने डिस्क भरली म्हणून जुनी डिस्क काढून कपाटात टाकली होती. चार महिने जुनी. ती हातात घेतली तेव्हा मी रडलो होतो.

तेव्हापासून माझा एकच हट्ट आहे. किमान एक प्रत अशी हवी जिला कोणताही संगणक हात लावू शकत नाही. एकतर तार काढलेली डिस्क, नाहीतर ऑब्जेक्ट लॉक असलेली क्लाउडची जागा, जिथे ठरलेल्या मुदतीआधी मालकालाही पुसता येत नाही. बॅकअपचं खातं रोजच्या कामाच्या खात्यापेक्षा वेगळं, पासवर्डही वेगळा.

शून्यप्रहर

उंबरठा यांच्या कपाटातल्या डिस्कवरून मर्स्क आठवली. २७ जून २०१७, नॉटपेट्या हा सायबर हल्ला. तेव्हाची जगातली सगळ्यात मोठी कंटेनर जहाज कंपनी, पण तिचे डोमेन कंट्रोलर (कोणाला नेटवर्कमध्ये प्रवेश द्यायचा ते ठरवणारे सर्व्हर) एकमेकांच्या प्रती होते आणि एकदमच पुसले गेले. त्यांची वेगळी, तोडून ठेवलेली प्रत कोणाकडेच नव्हती. वाचला तो घानातल्या कार्यालयातला एक. तिथे वीज गेली होती म्हणून तो त्या वेळी नेटवर्कवर नव्हता. मग दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले.

त्यांचं नशीब बलवत्तर. आपल्याला तार स्वतः काढावी लागेल.

जुनी_पाटी

सगळ्यांचं वाचलं. मनापासून एक विरोधी सूर लावतो. धागाकर्तीचं कार्यालय सहा माणसांचं. त्यात संगणकाचं पाहणारं वेगळं कोणी नाही. ऑब्जेक्ट लॉक, शेड्युलर, डंप, तीन डिस्क, रोजचा, आठवड्याचा, महिन्याचा. सुरुवातीचे दोन महिने उत्साहाने होईल, मग पुस्तकांची गर्दी आली की बंद पडेल. मी अशा तीन व्यवस्था मरताना पाहिल्या आहेत. तिन्ही कागदावर सुंदर होत्या. चौथी, जी अजून जिवंत आहे, ती म्हणजे रोज रात्री आपोआप चालणारं एक काम आणि सोमवारी बदलायची एक डिस्क. बस. जे माणसाला आठवावं लागतं ते कधीतरी विसरलं जाणारच.

रात्रपाळी

जुनी_पाटी, हे पटलं. माझ्या पहिल्या प्रतिसादात हे यायला हवं होतं.

रोजमेळ

थोडं अवांतर. बॅकअपला चांगला मराठी शब्द काय? 'राखीव प्रत' वर आलाय. 'प्रतिसाठा'?

कीर्दखतावणी

कच्ची नोंद कीर्दीत, मग तीच खतावणीत. एकीवरून दुसरी पडताळता येते. मला 'पडताळा प्रत' आवडेल, कारण त्यात तपासणं आपोआप येतं.

ताम्हण

आमच्या कार्यालयात फाइलचं नाव 'अंतिम', मग 'अंतिम_नक्की', मग 'अंतिम_नक्की_हीच' असं वाढत जातं. त्याला व्हर्जन कंट्रोल म्हणायचं ठरलंय. :)

रोजमेळ

'बैल गेला आणि झोपा केला' ही म्हण ज्याने केली त्याला बॅकअप हा शब्द नको होता, कल्पना पुरती कळलेली होती.

शून्यप्रहर

मूळ विषयाकडे. ताम्हण यांनी 'महिन्यांनी कळलं' असं लिहिलंय, ते माझ्या डोक्यातून जाईना. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या प्रोग्रामचे कोड सांभाळणाऱ्या कंपनीत एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हरची डेटा डिरेक्टरी पुसायला घेतली, आणि आज्ञा चालली मुख्य सर्व्हरवर. ३०० जीबीच्या आसपास डेटा, थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरला. मग बॅकअप बघायला गेले. रोजचा डंप गेला कुठे? डंप घेणारं साधन पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.२ आवृत्तीचं, प्रत्यक्ष डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे डंप होतच नव्हता. अपयशाचे ईमेल जात होते, पण डिजिटल सही नसल्यामुळे मेल सर्व्हर ते नाकारत होता. शेवटी सहा तासांपूर्वी कोणीतरी चाचणीसाठी हाताने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, कामी आला. हे सगळं त्यांनी न लपवता जाहीर केलं, त्याबद्दल मला आदर आहे.

संगणक हाच ज्यांचा धंदा, त्यांच्याकडे हे घडलं. म्हणून चूक झाली तर निरोप येईल, या भरवशावर राहू नका. बॅकअप झाला की रोज निरोप यावा आणि ज्या दिवशी तो आला नाही त्या दिवशी कोणीतरी उठून बघावं.

सुतारपक्षी

एक साधी तांत्रिक गोष्ट. पेनड्राइव्ह किंवा जुनी डिस्क एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही. हिशोबाची बॅकअप फाइल वाढत वाढत त्या रेषेपलीकडे गेली की कॉपी त्या दिवसापासून अडते. एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या.

शिवाय रोबोकॉपी या विंडोजच्या कॉपी करण्याच्या साधनाचा 'मिरर' पर्याय कोणी वापरत असेल तर जपून. मुळात जे पुसलंय ते तो प्रतीतूनही पुसतो.

मजकूरजुळणी

सगळ्यांचे आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

सुतारपक्षींचं शेवटचं वाक्य वाचून शुक्रवारची कॉपी करणाऱ्याला विचारलं. तो मिररच वापरतो. म्हणजे आमची 'खरी राखीव प्रत' म्हणजे आठवड्याने उशिरा चालणारा आरसा. तेव्हा लक्षात आलं की जानेवारीत एका कोशाचं चौथं प्रकरण जुन्या मजकुराने झाकलं गेलं होतं आणि ते आम्हाला पुनर्मुद्रणाच्या वेळी, पाच महिन्यांनी कळलं होतं. तेव्हा छपाईच्या पीडीएफवरून सगळं पुन्हा जुळवलं. जुन्या आवृत्त्या किती काळ ठेवाव्यात?

रात्रपाळी

तुमच्या प्रश्नातच उत्तर आहे. तुमच्याकडे चूक पुनर्मुद्रणाला कळते, म्हणजे ३० दिवसांचा इतिहास पुरणार नाही. आजोबा-वडील-मुलगा ही जुनी पद्धत आहे: रोजच्या सात प्रती, आठवड्याच्या चार-पाच, महिन्याच्या बारा. रेस्टिक, बोर्ग, ड्युप्लिकाटी यांसारखी साधनं बदललेला भाग तेवढाच साठवतात, त्यामुळे बारा महिने म्हणजे बारापट जागा असं होत नाही. आणि छापून झालेलं प्रत्येक पुस्तक वेगळं संग्रहात टाका. त्याला कोणी हात लावायचा नाही.

जुनी_पाटी यांचं ऐकून थोडक्यात मांडतो. रोज रात्री आपोआप: एक प्रत कार्यालयातल्या नासवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर), एक क्लाउडवर, एन्क्रिप्ट होऊन. सोमवारी सकाळी माणसाने: तार काढलेली डिस्क बदलायची. एवढंच. क्लाउड कोणतंही घ्या, फक्त आवृत्त्या किती काळ राहतात, पुसण्याला कुलूप लावता येतं का आणि डेटा नेमका कुठे असतो, ही तीन उत्तरं लेखी मिळवा.

उंबरठा

त्यात एक लिफाफा वाढवा. एन्क्रिप्शनचा पासवर्ड, क्लाउडच्या खात्याचे दुहेरी पडताळणीचे रिकव्हरी कोड, सॉफ्टवेअरचे परवाने. सगळं एकाच्याच फोनमध्ये असेल आणि तो माणूस प्रवासात असेल, तर प्रत असूनही हात बांधलेले.

कीर्दखतावणी

आणि एकदा उघडून बघा. कृपा करून बघा. दुसऱ्या संगणकावर, आणि ज्याने व्यवस्था लावली त्याने नव्हे, दुसऱ्या कोणीतरी. आमची दोन वर्षांची प्रत एकदा जरी उघडली असती तर.

जुनी_पाटी

अनुमोदन. हे मात्र आपोआप होत नाही, याला माणूसच लागतो. सहा महिन्यांतून एक दिवस.

मजकूरजुळणी

सात आठवड्यांनी परत आले आहे, कारण सांगायला हवं.

रात्रपाळींनी मांडलं तसंच लावलं. पहिला अपलोड नऊ दिवस चालला, कारण दिवसा वेग कमी ठेवला होता. रोज सकाळी आठला 'झाला' असा निरोप सहाही जणांना येतो. दोनदा आला नाही. एकदा नासची वीज गेली होती, एकदा कोणीतरी पासवर्ड बदलला होता. दोन्ही त्याच दिवशी कळलं.

मागच्या शनिवारी तालीम केली. कोरा संगणक घेतला आणि आमच्यातली सगळ्यात नवी मुलगी, जिने यातलं काहीच लावलं नव्हतं, तिला लिफाफा दिला. मी शेजारच्या खोलीत बसले, मदत करायची नाही असं ठरवून. ते कठीण गेलं.

हिशोब चाळीस मिनिटांत उभा राहिला, शेवटच्या नोंदीपर्यंत. 'कामे' फोल्डर नासवरून साडेतीन तासांत आलं. मग तिने एक जुना काव्यसंग्रह उघडला आणि मला हाक मारली. पानभर रोमन अक्षरं आणि चिन्हं. फाइल शाबूत होती, मजकूर वाचता येत नव्हता. ते पुस्तक युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लावलेलं, आणि फॉन्ट कधीच 'कामे' मध्ये नव्हते. ते विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमध्ये होते, सहा संगणकांवर सहा वेगवेगळे संच. आमची २०१० च्या आधीची जवळजवळ सगळी पुस्तकं तशीच आहेत. रंगांच्या प्रोफाइलचंही तेच निघालं.

आता प्रत्येक पुस्तकाच्या फोल्डरमध्येच त्याचे फॉन्ट पॅकेज करून ठेवतोय. आतापर्यंत चौऱ्याहत्तर झाली. दोन फॉन्ट असे आहेत जे फक्त एका जुन्या संगणकात उरलेत. तो संगणक आम्ही पुढच्या महिन्यात भंगारात देणार होतो.

रोजमेळ

अंगावर काटा आला.

ताम्हण

हे मी कधीच विचारात घेतलं नव्हतं. आमच्याकडेही जुन्या फॉन्टमधली पत्रं आहेत. वाचनखूण साठवली.

कीर्दखतावणी

त्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा.

रात्रपाळी

फार चांगलं केलंत. त्या जुन्या संगणकाच्या अख्ख्या डिस्कची इमेज घ्या, फॉन्ट तेवढे उचलून थांबू नका. अजून काय फक्त तिथेच आहे ते आज माहीत नाही. आणि विकत घेतलेल्या फॉन्टची परवानापत्रं कुठे आहेत?

मजकूरजुळणी

इमेज आज संध्याकाळी लावते. परवानापत्रं ईमेलमध्ये आहेत. आणि ईमेलचा बॅकअप आमच्या यादीत नाही. आत्ता लिहिताना दिसलं.